पाण्यातील सोमल आणि लोखंडाचा गंज

संस्कृत कोशकारांनी पाण्याला ‘जीवन’ हे नाव दिले आणि ‘विष’ हेही दिले. एकाच पदार्थाला ही दोन परस्परविरुद्ध नावे कशी शोभावीत, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या मुखाशी पसरलेल्या त्रिभुज प्रदेशात गेल्या अर्धशतकात जे घडले ते पाहिले म्हणजे दोन्ही नावे सार्थ वाटू लागतात.

या प्रदेशातील खेड्यांत पूर्वी लोक तळ्यांचे पाणी पीत. त्या पाण्यातून पटकी आणि हगवण फैलावे व लहान मुले दगावत. यास्तव १९७० नंतरच्या काळात बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये मिळून लक्षावधी कूपनलिका खोदण्यात आल्या. हातपंपाचे पाणी थंड, नितळ आणि रोगजंतूंपासून पुष्कळ अंशी मुक्त असे. लोकांनी ते आनंदाने स्वीकारले. मात्र १९८३ च्या सुमारास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्यापुढे काही विलक्षण रुग्ण आले. त्यांच्या अंगावर काळेपांढरे ठिपके होते आणि तळहात व तळपाय यांच्यावर कठीण, खरखरीत गाठी उठल्या होत्या. हे व्याधी आर्सेनिकाचे, म्हणजे आपल्याकडे सोमल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विषाच्या मूलद्रव्याचे होते, आणि ते शरीरात शिरत होते कूपनलिकेच्या पाण्यावाटे. पुढे जादवपूर विद्यापीठातील डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी वर्षानुवर्षे गावोगावचे पाणी तपासून या संकटाची व्याप्ती जगापुढे मांडली. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात बांगलादेशातील या घटनेचे वर्णन, एखाद्या लोकसमूहास झालेली इतिहासातील सर्वांत मोठी विषबाधा, अशा शब्दांत करण्यात आले. बिहार, उत्तर प्रदेश आणि आसाम येथील नदीकाठच्या गावांतही हेच विष आढळले आहे.

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकाची मर्यादा दर लिटरला १० मायक्रोग्रॅम मानली जाते. म्हणजे एक हजार लिटर पाण्यात एक शतांश ग्रॅम! त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी गाळून ते निघत नाही. पाणी उकळले तर जंतू मरतात, परंतु आर्सेनिक आहे तेथेच राहते. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते. गढूळ पाण्यातील मातीचे कण निवळीच्या बीने खाली बसतात, परंतु जे पाण्यात पूर्णपणे विरघळले आहे ते बाहेर काढावयाचे कसे?

या प्रश्नाचे एक उत्तर अधिशोषण या क्रियेत आहे. शोषण आणि अधिशोषण यांत भेद आहे. कापूस पाणी शोषतो तेव्हा पाणी त्याच्या अंतरंगात शिरते. भिंतीवर बसलेली धूळ मात्र भिंतीत शिरत नाही. ती पृष्ठभागालाच चिकटून राहते. अधिशोषणाचा प्रकार या दुसऱ्या जातीचा होय. सेंट पीटर्सबर्ग येथील रसायनज्ञ लोव्हिट्स यांनी १७८५ साली असे दाखविले की, मलिन द्रावणात लाकडी कोळसा घातला असता त्याचा रंग नाहीसा होतो. पुढे साखर शुभ्र करण्यासाठी या गुणाचा उपयोग होऊ लागला.

क्रिया पृष्ठभागावर घडते, म्हणून पृष्ठभाग जितका मोठा तितके काम अधिक. गुळाची ढेप अखंड असली तर मुंग्यांना बाहेरच्या बाजूवरच जागा मिळते; तीच फोडून चुरा केला तर शतपटीने मुंग्या बसू शकतात. सक्रियित कोळशात असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. उत्तम प्रतीच्या एक ग्रॅम कोळशाचा एकूण पृष्ठभाग सुमारे एक हजार चौरस मीटर भरतो. चिमूटभर भुकटीत जवळजवळ दहा गुंठे जमीन सामावली आहे, असेच म्हणावयाचे!

तथापि प्रत्येक अधिशोषकाची आवडनिवड वेगळी असते. पाण्यातील रंग, दुर्गंध आणि पुष्कळशी कीटकनाशके कोळसा सहज पकडतो. आर्सेनिकाच्या बाबतीत मात्र तो दुबळा ठरतो. सक्रियित ॲल्युमिना फ्लुओराइड आणि आर्सेनिक या दोहोंना धरतो. आर्सेनिकाचा खरा ओढा असतो तो लोहाच्या ऑक्साइडांकडे, म्हणजे सामान्य भाषेत गंजाकडे.

हा ओढाच बंगालच्या आपत्तीच्या मुळाशी आहे. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोह-ऑक्साइडाचा पातळ थर होता आणि त्या थराला आर्सेनिक चिकटलेले होते. सहस्रावधी वर्षांत त्यावर गाळाचे नवे थर साचले. खाली गाडल्या गेलेल्या वनस्पतींच्या अवशेषांवर जगणाऱ्या जीवाणूंनी प्राणवायू संपवून टाकला आणि नंतर लोह-ऑक्साइडच विरघळविण्यास आरंभ केला. आधार सुटताच आर्सेनिक भूजलात उतरले. निसर्गाने बांधलेले गाठोडे निसर्गानेच सोडले, असे म्हणता येईल. ते पुन्हा गंजाला बांधून टाकणे, एवढाच उपाय मनुष्याला करावयाचा असतो.

या कामी एक अडचण येते. प्राणवायूविरहित भूजलातील आर्सेनिक बहुधा विद्युत्‌भाररहित स्वरूपात असते आणि अधिशोषकाच्या हातून ते सहज निसटते. हवेचा किंवा क्लोरिनासारख्या द्रव्याचा संस्कार देऊन आधी त्याचे ऑक्सिडीकरण करावे लागते. शिवाय पाण्यात फॉस्फेट असेल तर तेही त्याच जागेसाठी स्पर्धा करते.

बांगलादेशात प्रचारात आलेली एक योजना मराठी गृहिणीलाही परिचित वाटेल. तेथे एकावर एक तीन ‘कोलशी’, म्हणजे आपल्या कळश्या, ठेवीत. वरच्या कळशीत लोखंडाचा कीस आणि वाळू, मधल्या कळशीत लाकडी कोळसा आणि बारीक वाळू, तर खालच्या कळशीत शुद्ध पाणी. याच मार्गाने पुढे जाऊन डॉ. अबुल हुसाम यांनी सिद्ध केलेल्या गाळणीस २००७ साली अमेरिकेत दहा लक्ष डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले. त्याच वेळी डॉ. अरूप सेनगुप्ता यांच्या, पश्चिम बंगालमधील हातपंपांना जोडलेल्या ॲल्युमिनाच्या संयंत्रांचाही गौरव झाला. मद्रासच्या आय. आय. टी.मध्ये डॉ. टी. प्रदीप व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहाच्या अतिसूक्ष्म कणांपासून असेच अधिशोषक द्रव्य निर्माण केले आहे.

परंतु गंजाच्या किंवा ॲल्युमिनाच्या पृष्ठभागालाही मर्यादा असते. सर्व जागा भरल्या म्हणजे गाळणी निकामी होते. मात्र पाणी पूर्वीइतकेच नितळ वाहत राहते. दगा नेमका येथे असतो. कोलकात्याजवळ बारुईपूर भागात निरनिराळ्या उत्पादकांच्या संयंत्रांची सुमारे दोन वर्षे पाहणी झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार एकही संयंत्र आर्सेनिकाचे प्रमाण १० मायक्रोग्रॅमच्या आत सातत्याने राखू शकले नाही. शास्त्राचा सिद्धांत खरा असला तरी गाळणी वेळोवेळी धुणे, पाणी तपासणे आणि द्रव्य बदलणे ही कामे कोणीतरी नेमाने करावी लागतात. ज्या गावांत पाणीसमितीने अल्प वर्गणी घेऊन ही जबाबदारी उचलली, तेथे संयंत्रे टिकली. ॲल्युमिना दाहक सोड्याने धुऊन पुन्हा वापरता येतो. परंतु धुवणातून निघालेले विष तळ्यात वा शेतात टाकले तर सारा खटाटोप व्यर्थ होय.

म्हणून अधिशोषक हा एकमेव उपाय नव्हे. बांगलादेशात दूषित हातपंपांना तांबडा आणि निर्दोष पंपांना हिरवा रंग देण्यात आला. काही ठिकाणी अधिक खोल थरांतील पाणी किंवा साठविलेले पावसाचे पाणी सुरक्षित ठरते. जेथे असा पर्याय नाही तेथे लोखंडाच्या गंजाची भुकटी असंख्य मुलांचे प्राण राखू शकते. ती आज अखेरची केव्हा बदलली, याची नोंद ठेवणारा माणूस मात्र प्रत्येक पंपापाशी असावयास हवा.