ऊन सोसणारा, वाफ न अडवणारा

पुलाच्या पोलादाला इपॉक्सीचा रंग घट्ट धरतो आणि पाण्याला सहसा दाद देत नाही. उन्हात मात्र तो टिकत नाही. चमक जाते, बोट फिरवले की पांढुरकी भुकटी लागते. इपॉक्सीच्या रेणूंतली बेन्झीनची वलये अतिनील किरण शोषतात आणि त्या ऊर्जेने रेणूंच्या साखळ्या तुटतात.

उन्हात टिकणाऱ्या सिलिकोनच्या साखळीचा कणा वेगळा असतो. त्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजन आलटून पालटून येतात. वाळूतही हाच बंध असतो. तो तोडायला मोलमागे सुमारे 450 किलोज्यूल लागतात. कार्बन-कार्बन बंधाला 350 पुरतात. जमिनीवर पोचणाऱ्या सर्वांत तिखट, म्हणजे 300 नॅनोमीटरजवळच्या किरणांत मोलभर प्रकाशकणांमागे 400 किलोज्यूल असतात. आकडा बरोबर मधे पडतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शुद्ध सिलिकोन हे किरण जवळपास शोषतच नाही. ऊर्जा थांबलीच नाही तर मोडेल काय?

गंजाबाबत मात्र सिलिकोनच्या जाहिरातींवर जरा बेतानेच विश्वास ठेवावा. सिलिकोनवरून पाण्याचे थेंब ओघळून जातात हे खरे, पण वाफ आणि ऑक्सिजन त्यातून सहज आरपार जातात. विटांच्या भिंतीला हे सोयीचेच, आतली ओल बाहेर पडते. लोखंडाला हेच नडते. म्हणून खाऱ्या हवेतल्या पोलादावर कामे वाटून दिलेली असतात: तळाशी लोखंडाऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताचा प्रायमर, मधे वाट अडवणारी इपॉक्सी आणि उन्हाचा मारा झेलायला वर सिलिकोनच्याच कण्याचे पॉलिसिलॉक्सेन. तेही बहुधा निर्भेळ नसते, अ‍ॅक्रिलिक किंवा इपॉक्सीच्या जोडीने बनवलेले असते.

सिलिकोनची खरी करामत पाहायची तर समुद्रकाठच्या वीज उपकेंद्रात. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मीठ साचते, पहाटेच्या दवाने ओले होते, त्यावरून वीज वाहू लागते आणि शेवटी भडका उडून लाइन बंद पडते. सिलिकोन रबराचा लेप दिला की पाण्याचा सलग पापुद्रा बनत नाही, थेंब सुटे राहतात. पण मीठ-धुळीने लेपच झाकला तर? लेपात साखळ्यांच्या जाळ्यात न अडकलेले छोटे रेणू असतात. ते हळूहळू वर झिरपतात, मळात शिरतात आणि तो मळही पाणी झटकू लागतो. असा मळाला आपल्या बाजूला वळवणारा दुसरा रंग माझ्या तरी माहितीत नाही.

सतत ठिणग्या पडत राहिल्या तर मात्र हा लेपही खरवडला जातो. त्यासाठी त्यात अ‍ॅल्युमिना ट्रायहायड्रेटची पूड मिसळतात. तापल्यावर ती पाणी सोडते आणि जागा थंड ठेवते.