तिकिटाच्या कागदावरचा पौंड

1914 च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि ब्रिटनमध्ये लोक सोन्याची नाणी हातची सोडेनात. बँका काही दिवस बंदच ठेवल्या. 7 ऑगस्टला दारं उघडली तेव्हा गल्ल्यावर एक नवी नोट आली होती: एका पौंडाची, मागची बाजू कोरी. घाईत नोटेचा कागद कुठून आणणार? ती चक्क टपाल तिकिटाच्या कागदावर छापली होती! खाली सही अर्थखात्याचे सचिव जॉन ब्रॅडबरी यांची. म्हणून लोक तिला ‘ब्रॅडबरी’च म्हणू लागले.

पण खरी जादू नोव्हेंबरात झाली. सरकारने 35 कोटी पौंडांचे युद्धरोखे साडेतीन टक्के व्याजाने विकायला काढले आणि लोकांनी घेतले जेमतेम 9 कोटी 10 लाखांचे. हे जर्मनांना कळलं असतं तर? म्हणून बँक ऑफ इंग्लंडने स्वतःच 11 कोटी 30 लाखांचे रोखे गुपचूप उचलले, तेही मुख्य रोखपाल गॉर्डन नेअर्न आणि त्यांचे दुय्यम अर्नेस्ट हार्वी या दोघा नोकरदारांच्या नावावर.

आता गंमत पाहा. हे पैसे कुणाच्या तिजोरीतून आले नाहीत. बँकेने सरकारच्या खात्यावर आकडा लिहिला, झालं! सरकारने तो आकडा तोफा, बूट, घोडे यांवर उधळला आणि तो बाजारात फिरू लागला. पाव आणि कोळसा मात्र तेवढाच, किंबहुना कमीच. पिकवणारे हात खंदकात आणि मालाची जहाजं समुद्राच्या तळाशी. युद्ध संपेपर्यंत राहणीचा खर्च दुपटीवर गेला.

मग नवा पैसा आला की महागाई आलीच? मला तसं सरळ गणित दिसत नाही. 2009 पासून याच बँकेने नव्या पैशाने रोखे घेत घेत 89,500 कोटी पौंडांपर्यंत मजल मारली. बरीच वर्षं भाव भडकले नाहीत, कारण त्यातला बराच पैसा बँकांच्या खात्यांतच बसून राहिला. 2022 च्या ऑक्टोबरात महागाई 11.1 टक्क्यांवर गेली तेव्हा युक्रेन युद्धाने गॅसचे भाव पेटवले होते.

आणि ते 1914 चे रोखे? फायनान्शियल टाइम्सने तेव्हा मागणी रकमेपेक्षाही जास्त आल्याचं छापलं होतं. बँकेच्या जुन्या वह्या चाळल्यावर 2017 मध्ये खरं बाहेर आलं, आणि त्या वृत्तपत्राने चूक दुरुस्त केली, 103 वर्षांनी.