काडतुसाची मान

तांबट भांडे ठोकता ठोकता मध्येच ते तापवतो. ठोकल्याने धातू कडक होऊन आत ताण साठतो. तापवल्याने तो निवळतो. काडतुसाची पुंगळीही ७० भाग तांबे नि ३० भाग जस्ताच्या पितळेची. इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या माना आपोआप तडकत. दमट हवा, घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पितळेत कोंडलेला ताण यांचा तो प्रताप, हे १९२१ साली उलगडले. म्हणून कारखान्यात मान तापवून मऊ करतात. बूड कडकच ठेवतात.

झाडलेली पुंगळी पुन्हा भरायची, तर फुगलेली मान डायमध्ये आवळावी लागते. १९१२ सालच्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमच्या बुडाशी पट्टा असतो. नवी पुंगळी त्या पट्ट्यावर टेकते, खांद्यापुढे पोकळी उरते. बार उडताच पितळ ताणून ती भरते. दर वेळी सबंध पुंगळी दाबली, तर हा ताण पुन:पुन्हा बसून ती पट्ट्याच्या जरा पुढे तुटते, आणि तप्त वायू झाडणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. मानेपुरती डाय खांदा हलवीत नाही. पुढच्या खेपेस त्याच रायफलीत पुंगळी खांद्यावर टेकते.

अशी डाय बदलत्या कडीची घ्यावी. भरलेल्या काडतुसाच्या मानेचा बाहेरचा व्यास मोजून त्याहून एक-दोन सहस्रांश इंच लहान कडी निवडावी. पुंगळी घट्ट जाऊ लागली, तरच खांदा किंचित मागे घ्यावा. परवान्याविना मात्र यात हात घालू नये.

दाब हवा, पण कामापुरताच. यंत्रावर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या बाबतीतही मला हेच दिसले आहे.