वॉर्डात शिकवणारी सिस्टर कुठून येणार?

मुलगी नर्सिंगला लागली की वस्तीत पेढे वाटले जातात. फी किती, हॉस्टेल आहे का, एवढे आपण विचारतो. वॉर्डात तिला शिकवणार कोण, हे आम्हीही आमच्या लेकीच्या वेळी विचारले नव्हते. पुढे तीच म्हणू लागली, "शिकवायला कुणी नसतंच. आम्ही चादरी बदलतो नि टेम्परेचर लिहितो."

राज्यातील नर्सिंग कॉलेजे ज्याला संलग्न आहेत, ते आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा. पण शिकवणारी माणसे आधी तयार तर व्हायला हवीत!

चांगली सिस्टर आपोआप चांगली शिक्षिका होत नाही. बारीक शीर तिच्या बोटांना सापडते. ती कशी सापडली हे सांगणे निराळे. आधी पुतळ्यावर करून दाखवायचे, मग मुलीकडून करून घ्यायचे, मगच रुग्णाच्या खाटेशी न्यायचे. तिचा हात थरथरला तर न रागावता सुई आपल्या हाती घ्यायची आणि चूक बाहेर व्हरांड्यात समजवायची. हे शिकावे लागते.

जी.एन.एम. झालेल्या भगिनींना वाट आहे. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचे; त्यावर एक वर्षाचा अनुभव असला की क्लिनिकल इन्स्ट्रक्टर होता येते. एम.एस्सी. असेल तर पसंती तिला. घर सांभाळून ही दोन वर्षे काढणे सोपे नाही. तेवढे दिवस नवऱ्याने भाकरी थापली तर काही बिघडत नाही.

आणि पालकहो, प्रवेश घेताना फीच्या पावतीबरोबर एवढे विचारून घ्या : वॉर्डात आमच्या मुलीसोबत कोण उभे राहणार?