वांगी नसतील तर गवार

लहानपणी अम्मी मला पहूरच्या बाजारात पाठवायची, तेव्हा बजावून सांगायची : भरताची वांगी आण, ती नसतील तर गवार, गवारही नसली तर भेंडी. एकच नाव सांगितले असते, तर कितीदा तरी मी रिकामी पिशवी घेऊन परतलो असतो. निवडणुकीत मात्र आपण एकच नाव सांगतो.

लोकसभा-विधानसभेला आपण एक बटण दाबतो. सर्वांत जास्त मते ज्याला, तो विजयी. निम्म्याहून अधिक मते हवीत, अशी अट नाही. समजा, शंभर मतदार आहेत आणि लढत तिरंगी आहे. पहिल्याला ४०, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला २५ मते पडली. पहिला जिंकला. पण तिसऱ्याच्या २५ जणांपैकी २० जणांना दुसरा उमेदवार अधिक चालला असता, तर? त्याची मते ५५ झाली असती, पहिल्याची ४५. हा प्रश्न मतपत्रिका विचारतच नाही.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तो विचारला जातो. तिथे मतदार असतात निवडून आलेले खासदार आणि आमदार. ते उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितात. लोकसंख्येच्या हिशेबाने प्रत्येक मताला मूल्य असते, म्हणून तिथले आकडे लाखांत दिसतात. २००७ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील निवडून आल्या, तेव्हा उमेदवार दोनच होते. पहिल्या पसंतीतच निकाल लागला. १९६९ मध्ये तसे झाले नाही. विजयाला ४,१८,१६९ मते हवी होती. व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि तिसरे आलेल्या आपल्या चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. मागे पडलेले उमेदवार एकेक करून बाद झाले, त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजली गेली आणि गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले. देशमुखांना मत देणाऱ्यांचाही शब्द अखेरच्या निकालात होता.

मी बी. ए. आहे, म्हणून विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघात मलाही असे आकडे लिहिता येतात. आयुष्यभर कपाशी वेचणाऱ्या माझ्या शेजारणीला मात्र ती मुभा नाही.

या पद्धतीत अडचणी आहेत. मोजणी लांबते. १ हा आकडा लिहिला नाही, किंवा दोघांपुढे लिहिला, तर मत बाद होते. एका जागेवर शेवटी एकच जण निवडून येतो, तेव्हा लहान समाजाला आपला प्रतिनिधी मिळेलच, अशी हमीही नाही. आणि लोकसभा-विधानसभेसाठी ही पद्धत आणायची, तर संसदेला कायदा बदलावा लागेल. पण शेजारणीला आकडे जमणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी तिचा मजुरीचा हिशेब एकदा ऐकावा.

आमच्यासारख्या थोड्या संख्येच्या वस्तीत निवडणूक आली, की एकच वाक्य कानी पडते : ‘मत वाया घालवू नका.’ म्हणजे मनातले नाव मनातच ठेवा आणि दोन मोठ्यांतला त्यातल्या त्यात बरा निवडा. पसंतीक्रम असेल, तर माणूस आधी मनातले नाव लिहील, मग धोरणाचे. मते मागणाऱ्यालाही दुसऱ्या पसंतीसाठी का होईना, पलीकडच्या गल्लीत यावे लागेल आणि तिथे गोड बोलावे लागेल.

अम्मी शाळेत गेली नव्हती. पण पिशवी रिकामी येऊ नये, याची तजवीज तिला ठाऊक होती.