फाल्गुनातला तोडा, आषाढातलं कालवण

चुलीवरचा लोखंडी तवा चांगला तापलाय आणि आत्या त्यावर टोमॅटो मांडतेय, देठाची बाजू खाली. तेल नाही, पाणी नाही. फळ तव्याला टेकतं, चर्र होतं, आणि थोड्या वेळानं साल फुगून तडकते. फाल्गुन सरत आलाय. सकाळचे दहा वाजलेत, तरी वेळापूरबाहेरच्या या वस्तीवर ऊन पाठ भाजायला लागलंय. परसातल्या ताटीवरचा आजचा तोडा दोन पाट्या निघालाय. बांधापलीकडच्या रानात भरून ठेवलेल्या क्रेटांपुढं हे काहीच नाही, पण घरातल्या माणसांना खाऊन संपणार नाही एवढा नक्की आहे.

"डाग पडू दे चांगला. काळं झाल्याबिगर चव येत न्हाय," आत्या नातीला सांगते. नातीच्या हातात चिमटा आहे आणि टोमॅटो उलटायची तिला घाई झालीय.

नात पुण्यात अन्नतंत्रज्ञान शिकते. सुट्टीला आली ती साल्सा करायचा म्हणतच. त्यात काय घालतात, असं आत्यानं विचारलं. टोमॅटो, हिरवी मिरची, लसूण, कांदा, कोथिंबीर, लिंबू, मीठ. सगळं ऐकून घेऊन आत्या म्हणाली, "आगं, मग तवा चढव की." तेवढ्यावर काम सुरू झालं. आता मिरच्या आणि न सोललेला लसूणही तव्यावर पडलाय. मिरची फटकन उडते, सगळ्यांना ठसका लागतो, आणि वहिनी पदर नाकाला लावून पडवीतून ओरडते, "वाऱ्याच्या बाजूला बसा की जरा!"

मी उंबऱ्यावर बसून लसूण सोलतेय. भाजलेली पाकळी बोटांत नुसती दाबली की सालीतून निसटून ताटलीत पडते. फ्रीझरमध्ये ठेवायचा लसूण भाजूनच घालायचा, असं नात सांगते. कच्चा घातला तर महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा उग्रपणा वाढतो, कधी कडवट लागतो. कांदा मात्र आज घालायचाच नाही. गोठला की त्याचा करकरीतपणा जातो आणि तो नुसता ओला, लिबलिबीत उरतो. कोथिंबिरीचंही तसंच. या दोन्ही गोष्टी खायच्या दिवशी ताज्या चिरून वरून घालायच्या.

ठेचायला आत्यानं काळ्या दगडाचा खल काढलाय. आधी मीठ, मग लसूण, मग मिरची. ते एकजीव झाल्यावर टोमॅटो, एका वेळी दोन-तीनच. मिक्सर आत आहे, वीजही आहे, पण मिक्सरमध्ये टोमॅटोला फेस येतो आणि रंग फिका पडतो. खलात गर तुटतो पण त्याचे लहान लहान तुकडे राहतात, बिया अख्ख्या राहतात. मेक्सिकोत साल्सा वाटायला मोलकाहेते नावाचा तीन पायांचा दगडी खल वापरतात. तोही ज्वालामुखीच्या खडकाचा, बसाल्टचा. आत्याच्या हाताखालचा दगड दख्खनच्या पठाराचा, म्हणजे तोही बसाल्टच. टोमॅटो आणि मिरची दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. सोळाव्या शतकात मेक्सिकोत राहिलेल्या बेर्नार्दिनो दे साहागून या स्पॅनिश धर्मगुरूनं तिथल्या बाजारात विकायला ठेवलेल्या मिरची-टोमॅटोच्या तयार कालवणांचं वर्णन लिहून ठेवलंय. पोर्तुगिजांबरोबर ही पिकं आपल्या किनाऱ्याला लागली आणि पुढं घाट चढून माणदेशापर्यंत, माळशिरसपर्यंत आली. नात हे सगळं आज्जीला सांगते. आत्या खल थांबवत नाही. "लांबनं आलं म्हणायचं," एवढंच बोलते आणि पुढचा टोमॅटो टाकते.

परसातला टोमॅटो गावरान आहे. चपटा, फाकींचा, पातळ सालीचा, भरपूर रसाचा आणि आंबट. क्रेटमधून पुण्या-मुंबईला जाणारा संकरित टोमॅटो जाड सालीचा, टणक. प्रवास सोसावा म्हणूनच तो तसा निवडलेला. ठेच्याला चव गावरानाची, पण साठवायला गर जास्त आणि पाणी कमी असलेला बरा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेलं 'भाग्यश्री' वाण यासाठी चांगलं. गर्द लाल, गर भरपूर, बिया कमी. गेल्या हंगामात वहिनीनं त्याची एक ओळ गावरानाशेजारीच लावली. म्हणून आज दोन्ही एकत्र करता येतात, एकाची आंबटाई आणि दुसऱ्याचा गर. नीरा उजव्या कालव्याची पाळी लांबली की या ताटीला न्हाणीचं पाणी मिळतं. तरी झाडं तगलीत.

दुसऱ्या पाटीतल्या टोमॅटोला लसूण लागणार नाही. तो दिंडीचा.

आषाढी एकादशीच्या चार-पाच दिवस आधी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते. माळशिरसहून निघालेली, खुडूसचं रिंगण झालेलं, आणि गावाजवळच्या उतारावर धावा. तुकाराम महाराजांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते पळत सुटले अशी श्रद्धा आहे, म्हणून सगळे वारकरी इथं धावतात. त्या रात्री वेळापुरात दारं उघडी असतात. आत्याकडं दरवर्षी एक दिंडी जेवते. तिच्या सासूच्या काळापासून जेवते. बरीचशी माणसं माळकरी, कांदा-लसूण न खाणारी. त्यांच्या आमटीला, साराला आंबटपणा टोमॅटोचाच लागतो आणि नेमका त्याच दिवसांत टोमॅटो महाग असतो. उन्हाळ्यात लागण कमी होते, पहिल्या पावसात माल डागाळतो, बाजारात आवक घटते.

2023 च्या जुलैत किरकोळ भाव किलोला शंभराच्या वर गेला, काही शहरांत दोनशेला भिडला. 14 जुलैपासून केंद्र सरकारनं दिल्लीत नव्वद रुपये किलोनं टोमॅटो विकायला काढला. त्याच वर्षी सप्टेंबरात भाव एवढे कोसळले की नाशिककडच्या शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. दोन महिन्यांत एवढी उलथापालथ होणारं दुसरं पीक सहज सापडायचं नाही. टोमॅटो, कांदा आणि बटाट्यासाठी 2018-19 च्या अर्थसंकल्पात 500 कोटींची 'ऑपरेशन ग्रीन्स' जाहीर झाली, ती याच दुखण्यावर. माझं मत सांगायचं तर शीतगृहं आणि प्रक्रिया उद्योग हवेतच, तालुक्या-तालुक्याला हवेत. पण त्यांची वाट बघत न बसता या पडवीत आज जे चाललंय त्यालाही साठवणूकच म्हणायला हवं. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड घालणाऱ्या बायकांनी या मुलखाचं पावसाळ्यातलं जेवण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलंय. टोमॅटो त्या वाळवणात फारसा बसला नाही, त्याच्यात पाणी फार. त्याला ऊन नको, गारठा हवा, आणि गारठा घरात आला तो फ्रिजबरोबर.

वहिनी दिंडीचा टोमॅटो पुरणयंत्रातून काढतेय. तिनं तो भाजलेला नाही, उकळत्या पाण्यातून काढून लगेच माठातल्या गार पाण्यात टाकलाय. साल बोटानं ओढली की सरळ निघते. पुरणयंत्राची मूठ फिरते, खाली दाट लाल गर पडतो, वर साल आणि बिया उरतात. हा गर ती स्टीलच्या पातेल्यात आटवायला ठेवते. वर फडताळात पितळेचं मोठं पातेलं आहे, पण त्याची कल्हई गेलीय. आंबटासाठी ते खाली काढायचं नाही, हे या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

"बाटल्या भरून ठेवल्या असत्या तर फ्रीझर रिकामा राहिला असता," मी विचारते.

नात मान हलवते. टोमॅटोचा आंबटपणा ठरलेला नसतो. त्याचा पीएच 4.6 च्या आसपास खाली-वर होत राहतो, आणि त्याच आकड्याच्या वर बंद बाटलीत बोटुलिझमचं विष तयार व्हायचा धोका असतो. त्यात मिरची, लसूण, कांदा मिसळला की आंबटपणा आणखी उतरतो. मोजून लिंबूरस किंवा सायट्रिक आम्ल घातलं आणि बाटल्या नीट उकळून घेतल्या तरच ते काम सुरक्षित. अंदाजावर करायचं ते नव्हे. उणे 18 अंशांवर जंतू मरत नाहीत पण वाढतही नाहीत. म्हणून घरच्या माणसांनी गोठवावं, असं ती ठामपणे सांगते. बाहेर काढलेली पिशवी त्याच दिवशी संपवायची, पुन्हा गोठवायची नाही, हेही ती दोनदा सांगते. आत्या मन लावून ऐकते. नातीच्या शिक्षणाचा पैसा कुठं गेला ते तिला आज दिसतंय, आणि चेहऱ्यावरचं कौतुक ती लपवत नाही.

खलातला ठेचा आता पातेलंभर झालाय. गाळणीवर टाकून त्याचं पाणी निथळू दिलंय. हे पाणी सांडायचं नाही, रात्रीच्या सारात जाणार. ठेचा चुलीवर एक उकळी घेतो, लिंबू पिळलं जातं आणि पातेलं गार पाण्याच्या परातीत उतरतं. गरम फ्रीझरमध्ये गेलं तर शेजारचं आधीचं गोठलेलं मऊ पडतं आणि सगळीकडं बर्फाचा थर धरतो. घाई करून चालत नाही. तोवर वहिनी सगळ्यांना ताक देते.

मग पिशव्या. नात झिपची पिशवी लोट्यात उभी करते, तिचं तोंड लोट्याच्या काठावरून बाहेर दुमडते, म्हणजे झिपेला ठेचा लागत नाही. पळीनं मोजून पळ्या घालते. पिशवी उचलून ताटावर आडवी टाकते आणि तळहातानं सारखी करत हवा तोंडाकडं सरकवते. शेवटचा बुडबुडा निघाला की झिप ओढते. बोटाएवढी जाडी राहते, अशी पिशवी लवकर गोठते. लवकर गोठणं महत्त्वाचं. सावकाश गोठलं तर बर्फाचे मोठे खडे होतात, ते गराच्या पेशी फाडतात आणि वितळताना पाणी एकीकडं, चोथा एकीकडं होतो. गोठल्यावर पिशव्या वह्यांसारख्या उभ्या लावता येतात. आत्याला डबे बरे वाटतात. दिंडीचा गर ती डब्यांतच भरते, पण वर अंगठाभर जागा सोडून, कारण पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. उरलेला गर बर्फाच्या ट्रेमध्ये जातो. रोजच्या आमटीला एक-दोन वड्या पुरतात.

नात प्रत्येक पिशवीवर पेनानं तारीख घालते. ठेच्यावर 'घरचा', गरावर 'दिंडी'. आत्या म्हणते, दिंडीचं खालच्या कप्प्यात लाव, पोरं वरचंच काढत्यात.

मला काळजी विजेची आहे. उन्हाळ्यात वस्तीवर वीज जाते, कधी दिवसभर येत नाही. वहिनी फ्रीझरच्या कोपऱ्यातली एक वाटी दाखवते. वाटीत बर्फ, बर्फावर रुपयाचं नाणं. वीज येऊन-जाऊन झाल्यावर नाणं वरच असेल तर माल सलग गोठलेला राहिला. नाणं तळाला गेलं असेल तर सगळं वितळून पुन्हा गोठलंय, ते टाकायचं. फ्रीझर गच्च भरलेला आणि दार बंद ठेवलेलं असलं की गारठा बराच वेळ टिकतो, म्हणून मोकळ्या जागेत तिनं पाण्याच्या बाटल्याही कोंबल्यात.

दुपारची भाकरी आजच्या ताज्या ठेच्याशी. कच्चा कांदा आणि कोथिंबीर आता वरून पडते. ज्वारीची गरम भाकरी मोडून मी पहिला घास घेते. आधी भाजल्याचा कडवट धूर लागतो, मागून आंबट, आणि मग मिरची कानापर्यंत चढते. नात म्हणते साल्सा इतका तिखट नसतो. "मग त्येंनी खाऊन बघावा," आत्या म्हणते, आणि तिच्या ताटात आणखी एक चमचा वाढते.

जेवणं चालू असतानाच बांधावरून शेजारची काकी येते, कमरेवर पाटी. व्यापाऱ्यानं आज क्रेटला सांगितलेला भाव ऐकून तिनं पिकलेला माल पाठवलाच नाही. गाडीभाडंसुद्धा निघत नव्हतं. पाटी खाली ठेवून ती सरळ फ्रीझरकडं बघते.

"जागा न्हाय बाई आता," वहिनी म्हणते.

"जागा माझ्याकडं हाय. फ्रीझर रिकामाच पडलाय. कसं करायचं तेवढं दावा."

आत्या हात धुते, पाटीतला एक टोमॅटो उचलून दाबून बघते, दुसरा बघते, तिसरा बाजूला काढते. तो फुटलेला आहे, आजच सारात जाईल. मग काकीला विचारते, पुरणयंत्र आहे का घरात? नसलं तर हे ने. उद्या उन्हाच्या आत बसू तुझ्या पडवीत, ह्या पोरीला संगं आणते. लसणाचं वेगळं काढू आणि दिंडीचं वेगळं. तुझ्याकडंबी माणसं असत्यातच की आषाढात.

"असत्यात," काकी म्हणते. "औंदा चाळीस सांगितल्यात."

नात पिशव्यांचं पाकीट उघडून किती उरल्यात ते मोजायला लागते.