पाया दुसऱ्याचा, घर आपलें

एका खातेदारानें आपल्या खात्यांतून शंभर रुपये भावाच्या खात्यांत पाठविले, असें समजूं या. रुपये एकीकडे वजा झाले आणि दुसरीकडे जमा होण्यापूर्वींच यंत्र बंद पडलें, तर ते गेले कोठें? असा अनर्थ टाळण्यासाठीं दोन्ही नोंदी व्हाव्या, नाहीं तर एकही होऊं नये, असा बंदोबस्त संगणकाच्या आज्ञावलींत करावा लागतो. शिवाय आलेला मनुष्य खातेदारच आहे ना, हें पाहणें आणि एकाच वेळीं येणाऱ्या हजारों मागण्यांस उत्तर देणें, हीं कामें बँक, रेल्वे, विमा कंपनी या सर्वांनाच असतात.

हीं समाईक कामें प्रत्येकानें नव्यानें लिहिण्यापेक्षां एकदां उत्तम रीतीनें लिहून ठेवावीं व सर्वांनीं वापरावीं, या विचारांतून जी तयार चौकट निर्माण झाली, तिला ‘फ्रेमवर्क’ म्हणतात.

या शतकाच्या आरंभीं मोठ्या संस्थांचीं पुष्कळ कामें ‘जावा’ या संगणकीय भाषेंत होत असत. तींतील ‘एंटरप्राइझ जावाबीन्स’ नांवाच्या पद्धतींत लहानशा कामासाठींही अनेक फाइली लिहाव्या लागत. रॉड जॉन्सन या गृहस्थांनीं २००२ सालीं ग्रंथ लिहून याहून सोपा मार्ग दाखविला. त्या ग्रंथासोबत दिलेल्या आज्ञावलींतूनच पुढें ‘स्प्रिंग’ ही चौकट उभी राहिली व तिची पहिली पूर्ण आवृत्ति मार्च २००४ मध्यें निघाली. जुन्या पद्धतीच्या हिवाळ्यानंतर आलेला वसंत, म्हणून हें नांव. ती कोणासही विनामूल्य घेतां येते.

तिचें मुख्य तत्त्व आम्हांस शाळेच्या प्रयोगशाळेंत दिसतें. विद्यार्थी कपाटें धुंडाळीत बसत नाहीं. लागणारीं उपकरणें साहाय्यक आधींच मेजावर मांडून ठेवतो. तापमापक बदलला तरी प्रयोगाची कृति बदलत नाहीं. त्याचप्रमाणें आज्ञावलीच्या प्रत्येक भागास लागणारीं साधनें स्प्रिंग स्वतः जुळवून देते. त्यामुळें खऱ्या नोंदवहीऐवजीं नकली नोंदवही देऊन तो भाग निर्धास्तपणें तपासतां येतो. वरील शंभर रुपयांच्या व्यवहारासही एक खूण केली, कीं दोन्ही नोंदी पक्क्या करणें अथवा दोन्ही रद्द करणें, हें काम चौकट डेटाबेसकडून करवून घेते.

परंतु दुसऱ्याच्या पायावर बांधलेल्या घराची राखण आपणांसच करावी लागते. ‘स्ट्रट्स’ नांवाच्या अशाच एका चौकटींत भगदाड आढळलें, आणि तें बुजविणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्यें प्रसिद्ध झाली. लोकांच्या पतीची माहिती ठेवणाऱ्या अमेरिकेंतील इक्विफॅक्स कंपनीनें आपल्या एका यंत्रणेंत ती वेळेवर बसविली नाहीं. मे महिन्यांत चोर त्याच वाटेनें आंत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत तें कंपनीच्या ध्यानांतही आलें नाहीं. सुमारें १४ कोटि ७० लक्ष लोकांची खासगी माहिती चोरीस गेली. दुरुस्तीस मोल पडत नव्हतें. उणीव होती ती दक्षतेची.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक पुढें या व्यवसायांत शिरतील. त्यांनीं तयार चौकट अवश्य वापरावी. पूर्वसूरींच्या श्रमांचा लाभ घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र ती आंत काय करते हें शिकून घ्यावें व तिच्या दुरुस्त्यांकडे लक्ष ठेवावें. पालकांसही आमची विनंति आहे, कीं मुलगा झटपट कांहीं तरी बनवून दाखवीत नाहीं म्हणून त्यांनीं उतावीळ होऊं नये. मूळ तत्त्वें शिकावयास त्यास अवधि द्यावा. खडकावर व वाळूवर बांधलेल्या दोन घरांचा दृष्टान्त आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. पाऊस येईपर्यंत तीं घरें सारखींच दिसत होतीं.